वाहनाचा चेहरा आणि त्यामागचे हात

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



घरात नवी मोटार आली की तिचे स्वागत एखाद्या मंगल प्रसंगासारखे होते. घरातील गृहलक्ष्मी बोनेटवर कुंकवाने स्वस्तिक रेखाटते, समोरच्या जाळीला झेंडूचा हार बांधला जातो, पेढे वाटले जातात आणि जमलेली मंडळी वाहनाच्या रंगरूपाचे कौतुक करतात. हे कौतुक मुख्यतः वाहनाच्या दर्शनी भागाचे असते. बंपर, दिवे, जाळी, आरसे, दारांवरील पट्ट्या या साऱ्यांनी मिळून वाहनाचा चेहरा घडतो आणि त्यावरूनच ते कोणत्या कंपनीचे हे लांबून ओळखू येते. आता गंमत अशी की, ज्या बोनेटवर स्वस्तिक काढले त्याचा पत्रा बहुधा त्या कंपनीच्या स्वतःच्या प्रेस शॉपमध्ये आकाराला आलेला असतो. परंतु ज्या जाळीला हार बांधला ती जाळी, तिच्याखालचा बंपर आणि दोन्ही बाजूंचे दिवे यांपैकी क्वचितच काही त्या कंपनीने स्वतः बनविलेले असते.

नाव एकाचे आणि काम अनेकांचे, अशी ही व्यवस्था आहे. ती कशी निर्माण झाली, कशी चालते, कोठे अडखळते आणि उद्योग-व्यापारात वावरणाऱ्या समाजाने तिच्यातून काय घ्यावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

सर्व काही स्वतः करण्याचा काळ

मोटार उद्योगाच्या प्रारंभीच्या काळात याच्या अगदी उलट विचार प्रबळ होता. अमेरिकेतील डिअरबॉर्न येथे रूज नदीच्या काठी हेन्री फोर्ड यांनी जो प्रचंड कारखाना उभारला, तो १९२८ पर्यंत पूर्ण झाला. तेथे एका बाजूला बोटींतून लोहखनिज आणि कोळसा उतरत असे आणि दुसऱ्या बाजूने तयार मोटारी बाहेर पडत. पोलाद तेथेच तयार होई, काच तेथेच बने, वीजही तेथेच निर्माण होई. टायरसाठी लागणाऱ्या रबरापुरतेही कोणावर अवलंबून राहू नये म्हणून फोर्ड यांनी ब्राझीलच्या अरण्यात रबराची लागवड करून पाहिली. तो प्रयत्न फसला. तथापि ‘जे जे लागेल ते ते घरचेच’ ही त्यामागची भूमिका स्पष्ट होती.

कालांतराने या भूमिकेच्या मर्यादा लक्षात येऊ लागल्या. मोटारीचे प्रकार वाढले, तंत्र गुंतागुंतीचे झाले, आणि प्रत्येक वस्तूत स्वतः पारंगत राहणे कोणत्याही एका कंपनीला अशक्य होऊ लागले. जपानमध्ये टोयोटाने १९४९ मध्येच विजेच्या भागांचा विभाग वेगळा करून निप्पॉन डेन्सो ही स्वतंत्र कंपनी स्थापन केली होती. अमेरिकेत हे स्थित्यंतर बरेच उशिरा आले. जनरल मोटर्सने सुट्या भागांचा व्यवसाय १९९९ मध्ये डेल्फी या नावाने, तर फोर्डने २००० मध्ये व्हिस्टिऑन या नावाने वेगळा काढला. ज्या फोर्डने रबराचे मळेही लावून पाहिले, त्याच फोर्डने सात दशकांनंतर दिवे आणि डॅशबोर्डही दुसऱ्यांकडून घेण्याचा मार्ग पत्करला.

सुटा भाग आणि मॉड्यूल

या परिवर्तनाचा एक टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. पूर्वी कंपनी शेकडो पुरवठादारांकडून शेकडो सुटे भाग घेई आणि आपल्या असेंब्ली लाइनवर एकेक करून जोडी. नव्या पद्धतीत जोडणीचे कामही पुरवठादाराकडे गेले. अनेक भाग एकत्र जोडून तयार केलेल्या अशा संचाला उद्योगात ‘मॉड्यूल’ म्हणतात.

वाहनाच्या समोरच्या भागाचे मॉड्यूल हे याचे उत्तम उदाहरण होय. त्यात प्लॅस्टिकची किंवा धातू-प्लॅस्टिकची एक चौकट असते. तिच्यावर टक्कर सोसणारा आडवा तुळईसारखा भाग, हेडलॅम्प, रेडिएटर, त्याचा पंखा, भोंगा आणि बोनेटचे कुलूप एवढे सारे आधीच बसविलेले असते. लाइनवरील कामगार हा संपूर्ण संच उचलून वाहनाच्या पुढे लावतो, बोल्ट आवळतो, विजेची आणि पाण्याची जोडणी करतो, आणि वाहनाचे नाक-डोळे काही मिनिटांत जागेवर येतात. जर्मनीतील दिव्यांची कंपनी हेला आणि रेडिएटरची कंपनी बेर यांनी १९९९ मध्ये केवळ या कामासाठी एक संयुक्त कंपनी स्थापन केली. २००४ मध्ये बंपर बनविणारी फ्रान्सची प्लॅस्टिक ऑम्निअम तिच्यात सामील झाली. दिवा, रेडिएटर आणि बंपर या तिन्ही वस्तूंचे जाणकार अशा रीतीने एकत्र आले.

एका बंपरची कहाणी

बाहेरून पाहणाऱ्याला बंपर म्हणजे प्लॅस्टिकचा एक वाकवलेला तुकडा वाटतो. प्रत्यक्षात तो बनविणे हे मोठ्या कौशल्याचे काम आहे. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकमध्ये लवचीकतेसाठी रबर आणि कणखरपणासाठी शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते. त्याचे दाणे वितळवून प्रचंड दाबाने पोलादी मोल्डमध्ये भरले जातात. मोल्डचे दोन भाग घट्ट मिटलेले राहावेत म्हणून मशीनला दोन-तीन हजार टन जोर लावावा लागतो. सुमारे मिनिटभरात बंपर बाहेर येतो. परंतु त्या मिनिटासाठी लागणारा मोल्ड घडवायला मात्र अनेक महिने लागतात.

पुढचा प्रश्न रंगाचा. पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहजासहजी धरत नाही. म्हणून त्याच्या पृष्ठभागावरून क्षणभर ज्योत फिरवितात किंवा अन्य प्रक्रिया करतात आणि मगच रंगाचे थर देतात. वाहनाच्या पोलादी सांगाड्याचा रंग सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाला पक्का केला जातो. त्या उष्णतेत बंपरचा आकारच बिघडेल. त्यामुळे त्याच्यासाठी सुमारे ८० अंशांना पक्का होणारा वेगळा रंग वापरावा लागतो. म्हणजे असे की, एकाच वाहनाचा पत्रा एका कारखान्यात, एका रसायनाने, एका तापमानात रंगतो. आणि त्याला चिकटून बसणारा बंपर दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या रसायनाने, दुसऱ्या तापमानात रंगतो. तरीही दोहोंच्या सांध्यावर ग्राहकाच्या नजरेला तसूभरही फरक जाणवता कामा नये; सकाळच्या उन्हात नाही, शोरूमच्या दिव्यांखाली नाही आणि तिरक्या नजरेनेही नाही. चकाकीचे कण असलेल्या रंगात ही परीक्षा अधिकच कठीण होते.

अलीकडच्या वाहनांत बंपरला आणखी एक भूमिका प्राप्त झाली आहे. पुढच्या वाहनाचे अंतर मोजून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचे रडार पुष्कळदा बंपरच्या किंवा जाळीच्या मागे दडलेले असते. त्याच्या लहरी प्लॅस्टिक आणि रंगाच्या थरांतून आरपार जातात. धातूचे कण असलेल्या रंगाचा थर नको तितका जाड झाला तर त्या लहरींना अडथळा येऊ शकतो. शोभेचा समजला जाणारा हा भाग आज प्रवाशांच्या सुरक्षिततेशी असा निगडित झाला आहे.

तासांचा हिशेब

बंपर तयार झाला म्हणजे पुरवठादाराचे काम संपत नाही. समजा, एका मोटारीचे आठ रंग आहेत, धुक्यातील दिवे असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार आहेत, पार्किंगचे सेन्सर असलेला आणि नसलेला असे आणखी दोन, आणि क्रोमची पट्टी असलेला-नसलेला असे दोन. एवढ्यानेच पुढच्या बंपरचे चौसष्ट प्रकार होतात. असा अवजड आणि सहज ओरखडा पडणारा माल प्रत्येक प्रकारात लाइनजवळ साठवून ठेवणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही.

यावर काढलेला तोडगा असा. रंगविलेला सांगाडा जोडणीच्या लाइनवर निघाला की त्याचा क्रम, रंग आणि प्रकार संगणकाद्वारे पुरवठादाराला कळतो. तेथून पुरवठादाराच्या हाती काही तास असतात. तेवढ्यात त्याला त्या वाहनासाठीचे नेमके मॉड्यूल जोडून, तपासून, ट्रॉलीवर ठरलेल्या क्रमाने लावून कंपनीच्या दारात पोहोचवावे लागते. लाल वाहनामागून पांढरे येणार असेल, तर लाल बंपरमागून पांढराच आला पाहिजे. क्रम चुकला तर लाइन अडते, आणि लाइन अडल्याचा भुर्दंड अनेक करारांनुसार पुरवठादारावर पडतो. साहजिकच अशा पुरवठादाराला आपला कारखाना मोठ्या कंपनीच्या शेजारीच थाटावा लागतो. मोठ्या मोटार कारखान्यांभोवती पुरवठादारांच्या वसाहती उभ्या राहण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

कंपन्यांनी हे काम बाहेर का दिले, याची कारणे सरळ आहेत. मोठी मोल्डिंग मशीन आणि रंगाची लाइन यांसाठी लागणारे भांडवल पुरवठादार गुंतवितो. एकच पुरवठादार अनेक कंपन्यांचे काम करीत असल्याने त्याचा अनुभव वाढतो आणि खर्च विभागला जातो. शंभर पुरवठादारांशी व्यवहार करण्याऐवजी दहांशीच करावा लागतो. आणखी एक कारण आहे, ते भाषणांतून फारसे उच्चारले जात नाही: पुरवठादाराच्या कामगाराचे वेतन बहुधा मोठ्या कंपनीच्या कामगारापेक्षा कमी असते. बाहेर दिलेल्या कामातील बचतीचा काही भाग कौशल्यातून येतो आणि काही भाग या तफावतीतून येतो, हे नमूद केल्यावाचून चित्र पूर्ण होत नाही.

हांबाखचा प्रयोग

ही पद्धत शेवटच्या टोकापर्यंत नेऊन पाहण्याचे दोन प्रयोग गेल्या शतकाच्या अखेरीस झाले. ब्राझीलमधील रेझेंदे येथे फोक्सवॅगनने १९९६ मध्ये ट्रक आणि बसचा कारखाना सुरू केला. तेथे पुरवठादारांची माणसे कंपनीच्याच छपराखाली आपापली मॉड्यूल प्रत्यक्ष ट्रकवर जोडत, आणि फोक्सवॅगनने स्वतःकडे मुख्यतः आरेखन, गुणवत्तेची तपासणी आणि विक्री ठेवली.

दुसरा प्रयोग फ्रान्समधील हांबाख येथे झाला. घड्याळांसाठी ख्यातनाम असलेल्या स्वॉचचे प्रणेते निकोलस हायेक आणि मर्सिडीज-बेंझ यांनी मिळून ‘स्मार्ट’ ही दोन आसनांची चिमुकली मोटार काढण्याचे ठरविले. १९९७ मध्ये उद्घाटन झालेल्या या कारखान्याची इमारत अधिक चिन्हाच्या आकाराची बांधण्यात आली. असेंब्ली लाइन त्या आकाराच्या भुजांतून फिरत असे आणि सभोवती पुरवठादारांचे कारखाने अशा रीतीने मांडले होते की, प्रत्येकाचे मॉड्यूल कमीत कमी अंतर कापून लाइनवर यावे. पोलादी पिंजरा मॅग्ना या कंपनीने बनवावा, डॅशबोर्ड व्हीडीओने द्यावा, बाहेरचे प्लॅस्टिकचे रंगीत आवरण डायनामिट नोबेलने पुरवावे, अशी विभागणी होती. मालकाला कंटाळा आला तर आवरणाचे भाग काढून दुसऱ्या रंगाचे बसविता यावेत, अशीही सोय त्यात होती. वाहनाचा चेहरा खरोखरच उतरवून बदलता येण्याजोगा झाला होता.

या चेहऱ्यामागील हात मात्र वारंवार बदलत गेले. डायनामिट नोबेलचा प्लॅस्टिकचा व्यवसाय पुढे स्वीडनच्या प्लास्टाल या कंपनीकडे गेला. २००९ मध्ये जागतिक मंदीच्या तडाख्यात प्लास्टाल दिवाळखोर झाली आणि २०१० मध्ये तिचा जर्मनीतील व्यवसाय फ्रान्सच्या फोरेशियाने घेतला. फोरेशियानेही २०१६ मध्ये बाह्य भागांचा आपला बहुतांश व्यवसाय प्लॅस्टिक ऑम्निअमला विकला. ग्राहकाला यातील काहीही कळले नाही, कारण समोरचे बोधचिन्ह तेच होते.

२०२० च्या अखेरीस हा कारखानाच इनिऑस या ब्रिटिश उद्योगसमूहाला विकण्याचा करार झाला आणि २०२४ मध्ये तेथील स्मार्टचे उत्पादन थांबले. मोठी कंपनी एका कराराने गाव सोडून जाऊ शकते. तिच्या भिंतीला भिंत लावून उभा राहिलेला पुरवठादार मात्र आपली मशीन, माणसे आणि कर्ज घेऊन तिथेच उरतो. हांबाखच्या प्रयोगातील ही बाजू प्रारंभीच्या उत्साहात फारशी कोणाच्या ध्यानी आली नव्हती.

संकटात दिसलेली दोन रूपे

दोन घटना येथे शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. व्यवहार करारावर चालतो की विश्वासावर, या प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडते.

पहिली घटना अमेरिकेतील. बंपरच्या किंवा दारांच्या प्लॅस्टिक भागांच्या मोल्डची किंमत बहुधा मोटार कंपनी देते. मोल्डवर मालकी कंपनीची असते. पण तो बसलेला असतो पुरवठादाराच्या मशीनवर. व्यवहार सुरळीत असेपर्यंत याचे कोणाला काही वाटत नाही. प्लास्टेक ही मिशिगनमधील कंपनी क्रायस्लरला शेकडो प्रकारचे प्लॅस्टिक भाग पुरवीत असे. तिची आर्थिक स्थिती खालावली. २००८ च्या फेब्रुवारीच्या आरंभी क्रायस्लरने करार रद्द करून आपले मोल्ड परत नेण्याचा पवित्रा घेतला. प्लास्टेकने तत्काळ दिवाळखोरी न्यायालयाचा आश्रय घेतला. भाग मिळेनासे झाल्याने क्रायस्लरला चार जुळणी कारखाने तात्पुरते बंद करावे लागले. पुढे न्यायालयानेही मोल्ड लगेच उचलून नेण्यास अनुमती दिली नाही. एका बाजूला मालकी होती, दुसऱ्या बाजूला ताबा होता आणि मधला विश्वास संपला होता. यात दोघांचेही नुकसान झाले.

दुसरी घटना जपानमधील, त्यापूर्वी अकरा वर्षांची. तीतील भाग बाह्य शोभेचा नसून ब्रेकचा होता. पण प्रश्न तोच होता. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन या पुरवठादाराच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या बहुतेक सर्व मोटारींना लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ केवळ तेथेच बनत होता. टोयोटाकडे साठा काही तासांचाच होता. पाहता पाहता टोयोटाच्या लाइन थांबल्या. कित्येक आठवड्यांचा खोळंबा होईल असे वाटत होते. परंतु आयसिनने आपली आरेखने सर्वांसाठी खुली केली आणि साठाहून अधिक कारखाने तो व्हॉल्व्ह बनविण्यास पुढे सरसावले. त्यांत शिलाई मशीन बनविणारी ब्रदर ही कंपनीही होती, जिने मोटारीचा असा भाग पूर्वी केला नव्हता. किंमत किती, पैसे कधी, हक्क कोणाचे, याची घासाघीस कोणी केली नाही. सुमारे आठवड्याभरात उत्पादन पुन्हा बहुतांशी सुरळीत झाले. त्यानंतर आयसिनने मदतीला आलेल्यांचा खर्च भरून दिला आणि टोयोटानेही आपल्या थेट पुरवठादारांना त्या तिमाहीतील विक्रीच्या एक टक्का रक्कम कृतज्ञतेपोटी दिली. त्यांपैकी अनेकांनी ती आपल्याखालच्या लहान कारखान्यांपर्यंत पोहोचविली.

आयसिनच्या वेळी जे घडले, ते त्या आठवड्यात निर्माण झालेले नव्हते. वर्षानुवर्षे वेळेवर दिलेले पैसे, अडचणीत दिलेला सल्ला आणि पाळलेला शब्द यांची ती पुंजी होती. संकटाच्या दिवशी ती उपयोगी पडली. प्लास्टेकच्या प्रकरणात अशी पुंजी कोणापाशीच शिल्लक नव्हती.

महाराष्ट्राचा सहभाग

ही सारी हकीकत परदेशातील म्हणून दूरची वाटण्याचे कारण नाही. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव आणि वाळूज या परिसरांत दुचाकी-चारचाकींच्या मोठ्या कारखान्यांभोवती प्लॅस्टिक मोल्डिंग, पत्र्याचे काम, रंगकाम आणि दिवे यांचे अनेक कारखाने उभे राहिले आहेत. बजाज ऑटोने १९८५ मध्ये वाळूज येथे कारखाना सुरू केल्यावर औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, औद्योगिक जीवनाला नवे वळण मिळाले.

त्याच शहरात प्लॅस्टिकचे भाग बनविण्यापासून वाढलेल्या व्हॅरॉक या कंपनीने २०१२ मध्ये व्हिस्टिऑनचा मोटारींच्या दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला. मूळ फोर्डच्या घरातून निघालेला हा व्यवसाय अशा रीतीने मराठवाड्यातील एका पुरवठादाराच्या हाती आला. दहा वर्षांनंतर, २०२२ मध्ये, व्हॅरॉकने त्यातील युरोप-अमेरिकेतील चारचाकी दिव्यांचा भाग प्लॅस्टिक ऑम्निअमला विकला. तीच प्लॅस्टिक ऑम्निअम २०२४ पासून ओपीमोबिलिटी या नावाने ओळखली जाते. दिल्लीत १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मदरसन समूहाने २०११ मध्ये जर्मनीतील पेगुफॉर्म या बंपर बनविणाऱ्या नामांकित कंपनीतील ८० टक्के हिस्सा घेतला. युरोपातील नामवंत मोटारींच्या बंपरमागे आज भारतीय मालकी असू शकते, ही अभिमानास्पद गोष्ट आहे. मात्र या व्यवसायात आजचा मालक उद्या विक्रेता होतो, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे.

साखळीची शेवटची कडी

मोठ्या पुरवठादाराच्या खाली मध्यम पुरवठादार असतो, त्याच्या खाली लहान आणि सर्वांत शेवटी एमआयडीसीतील एखाद्या गाळ्यात चार-सहा मशीनवर जॉबवर्क करणारा उद्योजक असतो. कोणी बंपरला लागणारे क्लिप बनवितो, कोणी कंस दाबून देतो, कोणी केवळ कडा साफ करतो. वर उल्लेखिलेल्या करारांतील अटी एकेक पायरी उतरत त्याच्यापर्यंत येतात: दरवर्षी भाव कमी करा, माल तासाभरात द्या, दोषाचा दंड सोसा. पैसे मात्र त्याच पायऱ्या फार सावकाश उतरतात. माल तासाभरात आणि पैसे तीन-चार महिन्यांनी, ही विसंगती या क्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही. ज्याच्याकडे भांडवल सर्वांत कमी, त्यानेच मोठ्यांना उधारी द्यावी, असा तिचा अर्थ होतो.

कायद्याने याची दखल घेतली आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योजकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरविली तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत, देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने त्यापुढे एक पाऊल टाकले: अशी देणी मुदतीत न दिल्यास ती प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्च म्हणून आयकरात वजावट मिळू नये, अशी तरतूद २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून लागू झाली. तथापि कायदा असूनही अनेक लहान उद्योजक तक्रार करीत नाहीत. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, ही त्यांची भीती असते. म्हणून येथे कायद्याइतकेच देणाऱ्याच्या वृत्तीला महत्त्व आहे.

सोपविता येते ते आणि न येणारे

एकंदरीत विचार करता असे दिसते की, मोटार कंपनीने बंपर दुसऱ्याला दिला, दिवे दिले, जोडणी दिली, पुष्कळदा आरेखनही दिले. एक गोष्ट मात्र तिला देता आली नाही, ती म्हणजे जबाबदारी. बंपरचा रंग उडाला तर ग्राहक मोल्डिंगवाल्याचे दार ठोठावीत नाही. रडारने दगा दिला तर अपघातग्रस्ताचे कुटुंब रंगाच्या लाइनवरील कामगाराचा शोध घेत नाही. ते ज्याचे नाव वाहनावर आहे त्याच्याकडे येतात, आणि ते योग्यच आहे. नाव लावणे म्हणजे त्या नावाखाली झालेल्या प्रत्येक कामाची हमी घेणे होय. जुन्या पेढीवरील मुनिमाने केलेल्या व्यवहाराला पेढीचा मालक जसा बांधलेला असे, तसेच हे आहे. पेढीची साख ज्या गुणांवर उभी राहत असे, त्याच गुणांची या अत्याधुनिक साखळीलाही गरज आहे.

श्रोतृवर्गातील अनेकजण स्वतः उद्योजक अथवा व्यापारी आहेत. कोणी मोठ्यांना माल पुरवितात, आणि त्याच वेळी लहानांकडून माल घेतातही. त्यांच्यासाठी या विवेचनातून तीन साध्या गोष्टी निघतात. पहिली, दुसऱ्याच्या मालकीचे मोल्ड, डाय किंवा फिक्स्चर आपल्या कारखान्यात असतील तर त्यांची लेखी नोंद, ताब्याच्या आणि परत देण्याच्या अटी आधीच स्पष्ट कराव्यात; संबंध गोड असतानाच हे काम सोपे असते. दुसरी, एकाच ग्राहकाच्या भरवशावर सारे भांडवल गुंतविण्यापूर्वी, तो ग्राहक गाव सोडून गेला तर काय, हा प्रश्न कागदावर मांडून पाहावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, वरून पैसे येण्याची वाट न पाहता खालच्या लहान उद्योजकाचे देणे मुदतीत द्यावे. वरच्याने उशीर केला हे खालच्याला उशीर करण्याचे कारण होऊ शकते. समर्थन मात्र होऊ शकत नाही.

नव्या वाहनाच्या जाळीला पुढच्या वेळी हार बांधताना त्या जाळीमागे किती कारखाने, किती पाळ्या आणि किती संसार उभे आहेत, याचे क्षणभर स्मरण व्हावे. ज्यांच्या हातांनी तो चेहरा घडला त्यांच्यापैकी शेवटच्या माणसाचे बिल चुकते झाले आहे का, हा प्रश्न त्या साखळीतील प्रत्येक पायरीवरील व्यक्तीने स्वतःला विचारावा. याचे होकारार्थी उत्तर देणारे उद्योजक जितके वाढतील, तितकी संकटाच्या दिवशी धावून येणारी माणसेही वाढतील.